‘९९ टक्के अचूक’ ओसीआर म्हणजे नेमके काय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ग्रंथालयाकडे जुन्या मराठी नियतकालिकांची आणि वार्षिक अहवालांची काही हजार पाने आहेत. ती स्कॅन करून त्यांतला मजकूर शोधता येईल आणि पुढेमागे त्यातला काही भाग पुन्हा छापता येईल, अशा स्वरूपात आणायचा आहे. त्यासाठी ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर घेण्याचे घाटत आहे, ती ओसीआरबरोबर (म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा संगणकीय मजकूर करणाऱ्या तंत्राबरोबर) शब्दकोश, शुद्धलेखन-तपासनीस आणि भाषांतराची साधनेही विकते. अशी सगळीकडे हात असलेली कंपनी निवडावी की फक्त ओसीआर करणारी, आणि जाहिरातीतल्या ‘९९ टक्के अचूकते’वर कितपत विसंबावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. छापील मजकूर संगणकात आणण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, पण दोन्ही प्रश्न एकाच मुळापाशी येऊन मिळतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ओसीआर आणि भाषा-साधने एकाच कंपनीने करणे यात संशय घेण्यासारखे काही नाही, कारण चांगल्या ओसीआरच्या पोटात शब्दकोश असतोच. या क्षेत्रातल्या सर्वांत परिचित कंपन्यांपैकी एक असलेल्या ॲबी या कंपनीचा इतिहास पाहा. डेव्हिड यांग या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८९ मध्ये मॉस्कोत ‘बिट सॉफ्टवेअर’ या नावाने ती सुरू केली. तिचे पहिले उत्पादन ‘लिंग्वो’ हा संगणकावरचा शब्दकोश होता. ‘फाइनरीडर’ हे अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर १९९३ मध्ये आले आणि ॲबी हे नाव १९९७ मध्ये घेतले गेले. आधी शब्द आणि मग डोळा, असा हा क्रम आहे. रशियन भाषेत नामाला विभक्तीनुसार निरनिराळे शेपूट लागते, त्यामुळे त्या भाषेचा कामाचा शब्दकोश करायचा तर नुसती शब्दांची यादी पुरत नाही, शब्द कसा चालतो याचे व्याकरणही यंत्राला शिकवावे लागते. ज्याने ते एकदा शिकवले आहे, त्याच्या हाती धूसर छपाई वाचण्याची अर्धी सामग्री आपसूकच येते.

याच्या आधीची यंत्रे भाषेच्या मदतीशिवाय वाचायची, आणि म्हणून माणसालाच यंत्राच्या सोयीने अक्षरे बदलावी लागत. गुस्ताव टाउशेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीत वाचनयंत्राचे पेटंट घेतले होते. त्या पद्धतीच्या यंत्रांना अक्षराचा साचा जसाच्या तसा जुळावा लागे. ॲड्रियन फ्रुटिगर यांनी १९६८ मध्ये रेखलेला ओसीआर-बी हा टंक (फॉन्ट) त्याच गरजेतून आला. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन ओळी आजही छापलेल्या दिसतात, त्या याच टंकात असतात. कोणत्याही टंकातला मजकूर वाचू शकणारे रे कुर्झवाइल यांचे यंत्र १९७६ मध्ये जाहीर झाले. ते अंधांसाठी होते आणि वाचलेले मोठ्याने उच्चारून दाखवत असे, म्हणजे तिथेही वाचणे आणि भाषा ही जोडी सुरुवातीपासून एकत्रच होती.

आता यंत्र वाचते कसे, ते पाहू. आधी पान सरळ केले जाते, पार्श्वभूमीपासून शाई वेगळी काढली जाते, स्तंभ, ओळी आणि शब्द वेगळे केले जातात. त्यानंतरचा टप्पा मात्र बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा वेगळा आहे. एकेक अक्षर स्वतंत्रपणे पाहून ‘हे व आहे’ असा निकाल यंत्र देत नाही. ते म्हणते की, हे साठ टक्के ‘व’ आहे आणि पस्तीस टक्के ‘ब’. मग शेजारची अक्षरे पाहून कोणता शब्द जुळतो, ते तपासते. समोरचे चिन्ह कशाचे तरी समग्र रूप आहे असे गृहीत धरायचे, त्या गृहीतकाला अनुसरून मुद्दाम पुरावा शोधायचा आणि वाचता वाचता त्या पुस्तकाच्या टंकाशी जुळवून घ्यायचे, अशी तीन तत्त्वे फाइनरीडरच्या कर्त्यांनी मांडली होती. माणूसही असाच वाचतो. ओळखीच्या हस्ताक्षरातले पत्र आपण भराभर वाचतो आणि अनोळखी आडनावापाशी अडखळतो, याचे कारण हेच.

ज्यात शब्दकोश वेगळा जोडलेला नसतो, त्या आजच्या प्रणालींतही भाषा मागच्या दाराने आलेलीच असते. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मुळात १९८५ ते १९९४ या काळात ह्युलेट-पॅकार्डमध्ये तयार झाले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते सुटी अक्षरे न वाचता चेतापेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर बांधलेल्या प्रणालीने सबंध ओळ एकदम वाचते. अशा प्रणालीला शिकवताना लाखो ओळी दाखवलेल्या असतात, त्यामुळे ‘आणि’ नंतर काय येते आणि ‘झ्ळ’ असे जोडाक्षर मराठीत येत नाही, हे ती आपोआप शिकते. टेसरॅक्टमध्ये मराठीची वेगळी शिकवण उपलब्ध आहे. आपण कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर पाहणार असाल, तर तीच पाने आधी यातून काढून पाहा. मोफतपेक्षा किती चांगले, हेच विकतच्या मालाचे खरे माप आहे.

मराठीच्या बाबतीत भाषा-साधनाची गुणवत्ता इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची ठरते, आणि निवड करताना आपण सर्वाधिक वेळ इथे घालवावा असे मला वाटते. इंग्रजीत एका नामाची दोन-चार रूपे होतात. आपल्याकडे ‘घर’ या एका शब्दाचे सामान्यरूप होऊन घरात, घरातला, घरातल्यांना, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनीसुद्धा असे प्रत्ययांवर प्रत्यय चढत जातात. शब्दांची नुसती यादी, ती कितीही मोठी असली, तरी यातली निम्मी रूपे तिच्यात नसतात. मग ओसीआर बरोबर वाचलेल्या ‘घरासमोरच्यांनी’खाली तांबडी रेघ ओढते, किंवा त्याहून वाईट म्हणजे यादीतल्या जवळच्या शब्दाकडे ते वळवते. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांच्यात असलेला हन्स्पेल हा शुद्धलेखन-तपासनीस मूळ हंगेरियन भाषेसाठी तयार झाला. त्या भाषेतही मराठीसारखीच प्रत्ययांची उतरंड असते, म्हणूनच त्यात मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे नोंदवण्याची सोय आहे. कंपनीला विचारायचा प्रश्न ‘आपला शब्दकोश किती शब्दांचा?’ हा नव्हे. ‘आपला तपासनीस शब्द फोडतो का, आणि सामान्यरूप ओळखतो का?’ असे विचारा. उत्तर देणारा विक्रेता गोंधळला, तर ती माहितीही कामाचीच आहे.

लिपीच्या अडचणी वेगळ्या. देवनागरीत शिरोरेषा शब्दातली सगळी अक्षरे जोडून टाकते, त्यामुळे रोमन लिपीसारखी अक्षरे मोकळ्या जागेवरून तोडता येत नाहीत. जुन्या पद्धतीत शिरोरेषा पुसून अक्षरे सुटी केली जात आणि रेषेच्या वरचा पट्टा, मधला पट्टा आणि खालचा पट्टा असे तीन भाग निरनिराळे वाचले जात. रेषा पुसताना ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरकच पुसला जाई, कारण त्या जोड्यांतला मुख्य भेद शिरोरेषा कुठे तुटते एवढाच असतो. ओळ सबंध वाचणाऱ्या प्रणालींनी ही अडचण बरीच कमी केली आहे, पण झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानावर ती तुटलेली जागा शाईने भरलेली असते आणि मग यंत्र काय, माणूसही संदर्भाशिवाय सांगू शकत नाही. जुन्या वळणाचा ‘ख’ तर ‘रव’सारखाच दिसतो. त्यामुळे ‘खाना’चे ‘रवाना’ होते, आणि गंमत अशी की दोन्ही शब्द कोशात आहेत.

अनुस्वाराचे एक साधे गणित करून पाहू, कारण स्कॅनिंगचा निर्णय यावर ठरतो. समजा, छापील अनुस्वाराचा व्यास ०.४ मिलिमीटर आहे. इंचाला ३०० ठिपके या मोजमापाने स्कॅन केले, तर मिलिमीटरला सुमारे १२ ठिपके पडतात, म्हणजे अनुस्वार जवळपास ५ ठिपके रुंद येतो. १५० ने स्कॅन केले तर तो दोन-अडीच ठिपक्यांचा उरतो, आणि ‘डाग काढा’ ही सोय चालू असेल तर धुळीचा कण समजून तो साफ केला जातो. तळटीपांतला अनुस्वार याहूनही बारीक असतो. म्हणून ३०० ही किमान मर्यादा समजा, बारीक टंकासाठी ४०० ठेवा, पाने शुद्ध काळ्यापांढऱ्यात न घेता करड्या छटांत घ्या आणि डाग काढण्याची सोय बंद ठेवा. फोनवरच्या स्कॅनिंग ॲपमधली ‘पान उजळ करा’ अशी सोय डोळ्यांना छान वाटते, पण ती आपल्या वतीने कोणते ठिपके ठेवायचे याचा निर्णय घेऊन मोकळी होते.

आता मूळ मुद्दा. भाषेच्या ज्ञानामुळे ओसीआरच्या चुका कमी होतात हे खरे, पण ज्या उरतात त्यांचे रूप त्याच ज्ञानामुळे बदलते. भाषा न जाणणारे यंत्र चुकले, तर ‘व्र्यद्ध’ असे काहीतरी अगम्य लिहिते आणि ते दुरूनही दिसते. भाषा जाणणारे यंत्र चुकले, तर शुद्ध, अर्थपूर्ण आणि चुकीचा शब्द लिहिते. एका संस्थेच्या जुन्या अहवालांचे काम करत असताना मी एका पानावर सहज नजर टाकली. मूळ वाक्य होते: ‘श्री. वैद्य यांनी उर्वरित रकमेचा भरणा केला.’ यंत्राने लिहिले होते: ‘श्री. वैध यांनी उर्वरित रकमेचा मरणा केला.’ यातला ‘मरणा’ वाचणारा लगेच हसतो आणि दुरुस्त करतो. ‘वैध’ मात्र तीन जणांच्या नजरेतून निसटला होता, कारण शब्द खरा आहे, तपासनीसाने त्याला हिरवा कंदील दिला होता आणि ‘द्य’ व ‘ध’ यांतला फरक थकलेल्या डोळ्याला जाणवत नाही. पुढे शोधून पाहिले तेव्हा त्याच खंडात हे आडनाव अकरा ठिकाणी बदललेले सापडले. त्या गृहस्थांविषयी काही शोधायला आलेल्याला ते अकरा उल्लेख कधीच सापडले नसते.

जुन्या मराठी मजकुरात याहूनही सूक्ष्म गोष्ट घडते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘घरें’, ‘कांहीं’ असे लिहिले जाई, आणि ‘नांव’ म्हणजे ओळख व ‘नाव’ म्हणजे होडी हा भेदही राखला जाई. आजचे ओसीआर बहुतांशी आजच्या मराठीवर शिकलेले असते. त्याला ‘त्यानें’वरचा ठिपका संशयास्पद वाटतो आणि ते मुकाट्याने ‘त्याने’ लिहिते. बरे, सगळीकडे तसे करते असेही नाही. ठिपका ठळक असला तर राहतो, फिकट असला तर जातो, आणि एकाच पानावर दोन शतकांचे शुद्धलेखन नांदू लागते. आपला हेतू केवळ शोधण्याचा असेल तर याने फारसे बिघडत नाही, शोधताना अनुस्वार दुर्लक्षित करण्याची सोय करता येते. पुनर्मुद्रणाचा किंवा भाषाभ्यासाचा हेतू असेल, तर मात्र भाषेची मदत बंद करून किंवा अगदी कमी करून मजकूर काढावा, आणि जास्त पण उघड दिसणाऱ्या चुका पत्कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ही मदत बंद करण्याची कळ आहे का, हे घेण्यापूर्वी पाहून घ्या.

जिथे भाषेचा काहीच उपयोग नसतो, तिथे यंत्र पुन्हा निव्वळ डोळ्यावर येते. आकडे, आडनावे, गावांची नावे, संस्कृत अवतरणे, संक्षेप आणि कोष्टके या त्या जागा. ‘१९१९’ आणि ‘१९९९’ दोन्ही सनच आहेत, त्यामुळे झिजलेला ‘१’ जर ‘९’सारखा दिसला तर कोणताही शब्दकोश तो सावरू शकत नाही. मुद्रितशोधनाचा वेळ मर्यादित असेल, तर तो सगळ्या पानांवर सारखा न वाटता आधी आकड्यांवर आणि नावांवर खर्च करावा. सलग गद्य शेवटी पाहिले तरी चालते.

आता ९९ टक्क्यांकडे येऊ. हा आकडा बहुधा अक्षरांचा असतो, शब्दांचा नव्हे. पानावर २,००० अक्षरे आहेत असे धरा. ९९ टक्के म्हणजे पानाला २० चुका. शब्द सरासरी पाच अक्षरांचा धरला आणि चुका विखुरलेल्या असल्या, तर शब्द पूर्ण बरोबर असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के येते, म्हणजे ४०० शब्दांच्या पानावर सुमारे २० शब्द बिघडलेले. हजार पानांच्या संचात ते २०,००० शब्द होतात. शिवाय हा आकडा कोणत्या पानांवर मोजला, हे जाहिरातीत नसते. नव्या, स्वच्छ, एका स्तंभाच्या पानांवर तो खराही असतो. आपली पाने तशी नाहीत. मराठीत ‘अक्षर’ म्हणजे काय मोजले, हाही प्रश्न उरतोच. ‘स्त्री’ हे एक अक्षर धरले की संगणकाच्या हिशेबातली सहा चिन्हे धरली, यावरून टक्केवारी सहज दोन-तीन अंकांनी हलते.

म्हणून चाचणी स्वतः घ्या. आपल्या संग्रहातून वीस पाने निवडा, त्यांत चांगली, मध्यम आणि वाईट अशी तिन्ही असू द्या, एखादे कोष्टकाचे आणि एखादे तळटीपांचे पान हवेच. ती कुणाकडून तरी हाताने टंकित करून दोनदा तपासून घ्या. मग प्रत्येक सॉफ्टवेअरने काढलेला मजकूर त्याच्याशी पडताळा. एका मजकुराचा दुसरा करण्यासाठी किमान किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, हे मोजण्याची पद्धत सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि ती मोजणारी मोफत साधने भरपूर आहेत. वीस पानांचे हे काम दोन-तीन दिवसांचे आहे. त्यानंतर विक्रेत्याशी होणारे बोलणे एकदम वेगळ्या पातळीवर जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

उत्तम सॉफ्टवेअर असूनही माणसांचा वाटा किती उरतो, याचे चांगले उदाहरण ॲबीच्याच एका प्रकल्पात मिळते. २०१३ मध्ये लिओ टॉलस्टॉय यांच्या ९० खंडांच्या समग्र साहित्याची सुमारे ४६,८०० पाने फाइनरीडरने वाचून घेण्यात आली. भाषा रशियन, म्हणजे कंपनीची घरचीच, आणि छपाई विसाव्या शतकातली. तरीही मुद्रितशोधनासाठी तीन हजारांहून अधिक स्वयंसेवक लागले. एवढ्या लोकांमुळे पहिला हात दोन आठवड्यांत फिरला हे खरे, पण तो फिरवावा लागला, हे लक्षात घ्या. याच सुमारास शब्द ओळखण्याचे काम लोकांकडून नकळत करवून घेण्याची युक्तीही रूढ झाली होती. संकेतस्थळावर ‘आपण माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून जे वेडेवाकडे शब्द टंकायला लागत, त्यांतल्या ‘रीकॅप्चा’ या प्रकारात एक शब्द जुन्या छापील पानावरचा, ओसीआरला न वाचता आलेला असे.

चुकीचा पण खरा वाटणारा मजकूर ही अडचण फक्त ओसीआरपुरती नाही, आणि स्कॅनिंगचे यंत्र निवडताना हे माहीत असलेले बरे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या काही यंत्रांनी स्कॅन केलेल्या इमारतीच्या आराखड्यात तीन वेगवेगळ्या खोल्यांचे क्षेत्रफळ एकच छापून आल्याचे दाखवून दिले. तिथे ओसीआर चालूच नव्हते. फाइल लहान करण्यासाठी वापरलेली जेबिग-२ ही पद्धत सारखे दिसणारे चित्रतुकडे एकमेकांच्या जागी वापरते, आणि तिने एक आकडा दुसऱ्याच्या जागी बसवला होता. उमटलेला आकडा स्वच्छ, टोकदार आणि संपूर्ण खोटा. तेव्हा मूळ स्कॅन साठवताना चित्रात कोणताही बदल न करणारी पद्धतच निवडा. साठवणुकीची जागा वाढेल, ती वाढू द्या.

हल्ली चित्र पाहून थेट मजकूर लिहून देणारी मोठी भाषा-प्रारूपेही (लार्ज लँग्वेज मॉडेल) आली आहेत, आणि आपल्यासमोर कुणीतरी तोही पर्याय ठेवील. वाईट छपाईवर ती कधीकधी थक्क करणारे वाचन करतात. पण वर सांगितलेली अडचण त्यांच्यात टोकाला जाते. पान फाटलेले असेल तर ती तिथे शोभेल असा मजकूर भरतात, एखादी ओळ गाळून दोन वाक्ये बेमालूम सांधतात आणि लेखकाची जुनी वाक्यरचना नव्या वळणाची करून टाकतात. नेहमीचे ओसीआर कुठे अडले, हे प्रत्येक शब्दासोबत खात्रीच्या आकड्याने सांगू शकते, आणि शब्द पानावर नेमका कुठे आहे तेही सांगते. या प्रारूपांकडून तितका भरवशाचा खुलासा मिळत नाही. मी ती वापरतो, पण दुसरा वाचक म्हणून. एकच पान नेहमीच्या ओसीआरने आणि अशा प्रारूपाने वेगवेगळे वाचून घ्यायचे आणि जिथे दोघांचे जुळत नाही, तेवढ्याच जागा माणसाने मूळ चित्राशी ताडायच्या. दोघे एकाच जागी सारखेच चुकले तर ती चूक राहते, पण कामाचा बोजा पुष्कळ हलका होतो.

खरेदीच्या आधी आणखी एक बारीक वाटणारी गोष्ट तपासायला सांगतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलंत असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रूपाने शोधले तर दुसरे सापडत नाही. ‘ॲ’ या चिन्हाचेही तसेच आहे. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक संकेतात, स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे त्याआधीची साधने ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून काम भागवत. कंपनीचे ओसीआर एक रूप देते आणि तिचाच शब्दकोश दुसरे मानतो, असेही मी पाहिले आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘ॲसिड’ असे आठ-दहा शब्द असलेले पान काढून ते शब्द शोधून पाहा, पाच मिनिटांत उत्तर मिळेल.

आपल्या संग्रहातली काही पाने कागदावर नसून आधीच पीडीएफ रूपात असतील, तर त्यांतला मजकूर थेट नकलून घेण्याचा मोह होईल. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून असा मजकूर घेतला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा हाती येतो. त्या त्या फॉन्टचा परिवर्तक मिळाला तर ठीक, नाहीतर अशा पानांचेही चित्र करून त्यावर ओसीआर चालवणे अधिक सोपे पडते. छपाई स्वच्छ असल्याने निकालही चांगला लागतो.

शेवटी आपल्या निवडीविषयी. आपण वर्णन केलेली कंपनी, तिचा तपासनीस मराठी शब्द फोडत असेल, भाषेची मदत कमी-जास्त करता येत असेल, स्वतःची नावांची यादी जोडता येत असेल आणि प्रत्येक शब्दाचा खात्रीचा आकडा बाहेर काढता येत असेल, तर फक्त ओसीआर करणाऱ्या कंपनीपेक्षा आपल्याला अधिक उपयोगाची ठरेल. तिची भाषांतराची साधने या कामात आपल्याला लागणार नाहीत, त्यांचे पैसे वेगळे असतील तर देऊ नका. नावांची यादी मात्र काम सुरू होण्यापूर्वीच तयार करा. जुन्या अहवालांतल्या सभासदांच्या याद्या, वर्गणीदारांची नावे, अनुक्रमणिकेतले लेखक हे सगळे आधी हाताने टंकून दिले, तर ‘वैद्य’ हे ‘वैद्य’च राहण्याची शक्यता बरीच वाढते. निकाल म्हणून वर मूळ पानाचे चित्र आणि त्याखाली शोधता येणारा अदृश्य मजकूर अशी पीडीएफ घ्या, जेणेकरून वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेहमी मूळ छपाईच राहील. ओसीआर झाल्यावर मूळ चित्रे ठेवायची की नाहीत, असेही आपण जाता जाता विचारले आहे. ठेवायचीच, दोन वेगळ्या ठिकाणी आणि न बदलता, कारण पाच वर्षांनी याहून चांगले सॉफ्टवेअर आले की हीच पाने पुन्हा वाचून घ्यावी लागतील, आणि तेव्हा आजचा मजकूर नव्हे, आजची चित्रे लागतील.